दहा हिरव्या पट्ट्या

१८ जून १९९५, रविवार

अक्षर मोठं काढतो आहे, कारण लहान काढलं तर माझं मलाच वाचता येत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि डॉक्टर म्हणतात, अजून पिकू द्या. मलिहाबादचा दशहरी आंबा असल्यासारखं बोलतात. वही लीलाने आणली. "रोजची चिडचिड यात काढा, माझ्यावर नको," म्हणून तिने ती टेबलावर आपटली. बावीस वर्षं लखनौत काढून ही बाई अजून सांगलीच्या आवाजात बोलते.

तर चिडचिड. संस्थेच्या डायरेक्टरांनी परवा केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. ते चहा पाजतात तेव्हा बातमी वाईट असते. "पोंक्षे साहब, ये आख़िरी सीज़न है।" यंदा गवत आलं नाही तर प्रकल्प बंद, आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं मी ग्रंथालयात बसून काढायची.

हरदासपुरवा हे गाव मलिहाबादच्या पुढे. तिथलं चराऊ रान पन्नास वर्षांत कालव्याच्या पाझराने खारावलं. आपल्याकडे जिला चोपण म्हणतात ती इथे ऊसर. वर पांढरी पापडी धरते, तिला हे लोक रेह म्हणतात, आणि पायाखाली ती कुरकुरते. गवताच्या मुळांत राहणारी एक बुरशी असते. ती मुळांना लांबून पाणी आणि स्फुरद आणून देते, मुळं तिला साखर देतात. ऊसर जमिनीत ही बुरशीच मेलेली असते, म्हणून गवत परत येत नाही, असं माझं म्हणणं आहे. जुन्या आमराईच्या कडेला, जिथे कधी नांगर लागला नाही, तिथल्या गवताच्या मुळांतून मी ती काढली, कुंड्यांत वाढवली. त्या मातीला मी बीजमाती म्हणतो. रानात वीस पट्ट्या आखल्या आहेत. दहांत बीजमाती घालून मारवेल आणि दूब लावायची, दहांत तेच गवत नुसतं लावायचं. या दहा कोऱ्या. फरक दिसला तर मी बरोबर.

दोन वर्षं फरक दिसला नाही. वीसच्या वीस पांढऱ्या. गेल्या वर्षी त्यानंतर मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतो म्हणे. मला ते दिवस नीट आठवत नाहीत.

आज अभिराम जेवायला होता. अकोल्याचा पोरगा, माझ्याकडे पीएच.डी. करतो, पाच वर्षं झाली. दर रविवारी लीला त्याला भरवते आणि तो खाली मान घालून चार पोळ्या जास्त खातो. डोळ्यांमुळे सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम आता तोच करतो. मुलगा नाही याची खंत मी कधी केली नाही, पण असता तर असा चालला असता.

५ जुलै

लावणी. अभिराम म्हणाला, "सर, यंदा तुम्ही येऊ नका. रेह उडते, डोळ्यांना बाधेल. मी करतो सगळं." कुंपणाच्या फाटकाची किल्लीही मागून घेतली. आठवडाभर तो तिथेच राहिला, रामऔतारच्या झोपडीत. हल्लीची मुलं अशी राबत नाहीत. मला भरून आलं.

रामऔतार म्हणजे आमचा राखणदार. रोजंदारीवर आहे, चार वर्षं बकऱ्या हाकलतो. त्याचं स्वतःचं आठ बिस्व्यांचं, म्हणजे जेमतेम दहा गुंठ्यांचं शेत आमच्या कुंपणाला लागूनच, तेही पांढरंफेक. सरकारच्या योजनेत गावातल्या सहा जणांना यंदा जिप्सम मिळालं, त्यात त्याचं नाव आहे. उरलेल्या गावाला आणि चराऊ रानाला पुढच्या वर्षी. जिप्सम हा सरकारी इलाज. पांढऱ्या भुकटीच्या गोण्या जमिनीत मिसळायच्या, पाणी भरायचं, खार धुऊन निघतो. चालतो तो, नाही असं नाही. पण गोणी ओतण्यात कसलं शास्त्र? मी त्याला गमतीने म्हटलं, "रामऔतार, देखें किसका जादू चलता है, तुम्हारी बोरी का या हमारी फफूँद का।" तो हसला नाही. म्हणाला, "साहब, नौकरी पक्की हो जाई न?"

हे त्याच्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे. देखेंगे म्हटलं.

१४ ऑगस्ट

आलं. गवत आलं.

अभिराम सकाळीच स्कूटर घेऊन आला, मला मागे बसवलं. फाटकातून पाहिलं तर मला आधी नुसता हिरवा डाग दिसला. जवळ गेलो, गुडघ्यांवर बसलो, हाताने चाचपलं. मारवेल वीतभर. दहा पट्ट्या हिरव्या, दहा कोऱ्या पट्ट्या पांढऱ्या, मधली रेघ दोरी लावून आखल्यासारखी. मी तिथे बसून रडलो, ते लिहून ठेवतो. अभिराम दूर उभा होता. त्याला अशा गोष्टींचा संकोच वाटतो.

मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेदहावरून साडेआठवर आला आहे. अभिरामने मोजला. बुरशीने सामू एवढा उतरवल्याचं कुठे वाचलेलं नाही. म्हणजे हे माझंच.

आणि सगळ्यांत मजा: रामऔतारचं शेत. जिप्सम मिळून दीड महिना झाला, पाऊस झाला, आणि शेत जसंच्या तसं पांढरं. मी त्याला बांधावर उभं करून म्हटलं, "देखो अपना खेत, और देखो हमारी पट्टी।" तो म्हणाला, "देख रहे हैं साहब।"

३ सप्टेंबर, रविवार

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझं भाषण. बँकेतले, हवाई दलातले, सगळे सहकुटुंब आले होते. विषय 'मातीतली मैत्री'. नाव लीलाने सुचवलं, मला जरा पाणचट वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका विंग कमांडरच्या बायकोने विचारलं की घरच्या लोणच्यावर येते ती हीच बुरशी का. नाही म्हटलं.

लीला डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली होती. मी परतलो तर अभिराम बैठकीत, डोळे लाल, आणि लीला त्याच्यासमोर बसलेली. काय झालं विचारलं तर लीला म्हणाली, "घरची आठवण आली त्याला. सणाचे दिवस." पंचविशी उलटली तरी पोरगा आईसाठी रडतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि प्रसादाचा मोदक दिला. त्याने खाल्ला नाही.

१ ऑक्टोबर

लीलाचं हल्ली बिनसलेलं असतं. आज म्हणाली, "आता गवत आलं ना? मग पुरे. उरलेली वर्षं शांत काढू." म्हटलं, अगं, आत्ता तर सुरुवात आहे. ती पोळ्या लाटायला निघून गेली.

२० नोव्हेंबर

योजनेचे अधिकारी पट्ट्या पाहून गेले. खूश. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी गावात जिप्सम द्यायचं की तुमची बीजमाती? मी म्हटलं, लेखी कळवतो.

आज पत्र लिहिलं. आसपास जिप्सम पडलं तर वाहत्या पाण्याने माझा प्रयोग बिघडेल, तेव्हा हरदासपुरवा यादीतून वगळावं. बाकीच्या पाच जणांची शेतं मी पाहिलेली नाहीत, मुख्य मुद्दा रामऔतारच्या शेताचा केला: ज्याला जिप्सम दिलं त्याची जमीन पांढरीच आहे, आणि शंभर पावलांवर बुरशीने गवत आणलं आहे. याहून उघड पुरावा कुठला?

मी मोठ्याने वाचून दाखवत होतो. लीला मधेच म्हणाली, "हे पत्र नका पाठवू."

"का?"

"गावाचं मिळतंय ते कशाला बंद करता? तुमचं तुमच्यापाशी, त्यांचं त्यांच्यापाशी."

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हटलं. जरा तोडूनच बोललो. पण खरंच तिला यातलं काय कळतं? अभिराम समोर होता, तोही म्हणाला, "सर, घाई नको." दोघांना मोठ्या गोष्टींची भीती वाटते. पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं.

प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यात एक कायम जागा मिळते आहे. राखणदाराची घ्यावी की संशोधकाची, असं डायरेक्टरांनी विचारलं. अर्थात संशोधकाची, अभिरामसाठी. बकऱ्या काय कोणीही हाकलेल.

९ जानेवारी १९९६

यादी आली. हरदासपुरवा वगळलं. माझ्या शब्दाला अजून वजन आहे म्हणायचं.

२ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सानिका रोज कॉलेजातून येऊन औषधाचे थेंब घालते आणि दरडावते, "बाबा, आँख मलना नहीं।" मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. लेक सांगलीची नाही, लखनौची आहे हे आता मान्य करायला हवं.

११ मार्च

नवा चष्मा. दीड वर्षाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मुळं आधी पोटॅशमध्ये उकळायची, आम्लात बुडवायची, मग निळा रंग द्यायचा. बुरशी असेल तर मुळाच्या आत निळे धागे आणि निळे फुगे दिसतात. अभिरामच्या काचपट्ट्यांवर ते इतके होते की पाहत राहिलो. जेवायला बोलवायला शिपाई दोनदा येऊन गेला.

उद्या रानात जाऊन स्वतःच्या हाताने मुळं खणणार. अभिरामला म्हटलं नाही, त्याचा प्रबंध टाइप व्हायचा आहे.

१३ मार्च

काल मुळं आणली, आज रंगवली. काही नाही. काचेसारखी स्वच्छ मुळं. रंग जुना झाला असणार. बाटलीवर तारीखही नाही.

१५ मार्च

नव्या बाटलीतला रंग. पुन्हा तेच. शंभर तुकड्यांपैकी तीन तुकड्यांत कुठे एखादा धागा. पोटॅशमध्ये जास्त उकळली गेली का? की थंडीत बुरशी मुळांतून निघून जाते? तसं कुठे वाचलेलं नाही. नवीनच काही सापडलं असेल.

शंका नको म्हणून बीजमातीच्या कुंडीतल्या बाजरीची मुळं त्याच रंगात बुडवली. निळीशार. आणि दिसायला थेट अभिरामच्या काचपट्ट्यांसारखी.

१८ मार्च

सकाळपासून लिहिणं टाळतो आहे.

बुरशी नाही, तरी गवत गुडघ्याएवढं. सामू उतरलेला. अशी जमीन कशाने होते हे शेतकी शाळेतला पोरगाही सांगेल. हिरव्या पट्टीतली माती पाण्यात ढवळली, गाळली, त्यात बेरियम क्लोराइडचे चार थेंब टाकले. जिप्सम असेल तर पाणी पांढरं होतं. दुधासारखं झालं. कोऱ्या पट्टीचं पाणी तसंच राहिलं. दहाही पट्ट्यांच्या नळ्या भरल्या. दहाही दूध.

अभिराम आत आला तेव्हा नळ्या स्टँडवर ओळीने उभ्या होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "सर, लावणीच्या आधी टाकलं. चोवीस गोण्या."

"आणि काचपट्ट्या?"

"कुंडीतल्या होत्या."

"माझ्यासाठी केलंस म्हणशील आता."

"तुमच्यासाठी पण केलं. गेल्या खेपेला तुमची हालत पाहिली होती मी. पण माझी पण पाच वर्षं होती त्यात. खोटं काऊन बोलू? माझा स्वार्थ होताच."

एवढं तरी तो खरं बोलला. मी विचारलं, गोण्या कुठल्या? तो खिडकीकडे बघत म्हणाला, "रामऔतारच्या. त्याला मिळाल्या होत्या त्या. कायम नोकरी लागेल म्हणून मी त्याला कबूल केलं होतं."

म्हणजे ते शेत पांढरं का राहिलं, ते कळलं. माझा उघड पुरावा.

मी त्याला जा म्हटलं. तो दारातून म्हणाला, "काकूंना मी सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं, सर." हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. की ते सांगूनच त्याला थोडं हलकं व्हायचं होतं? पाच वर्षं माझ्या ताटाशेजारी बसून जेवला.

१९ मार्च

लीलाला विचारलं. ती चादरींच्या घड्या घालत होती, थांबली नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"गणपतीपासून?"

"तुमच्या भाषणाच्या दिवसापासून."

"आणि एक शब्द बोलली नाहीस."

"पत्र पाठवू नका म्हटलं होतं. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या वहीत असेल, बघा."

बघितलं. आहे.

मग ती खाली बसली. म्हणाली, "त्या दोन महिन्यांत मी तुम्हाला हाताने भरवत होते. आंघोळीला उठवत होते. तुम्हाला आठवत नाही, मला आठवतं. ते परत करायची माझ्यात ताकद नव्हती."

अभिरामचा मला राग येतो आणि तो राग मला पेलतो. हिचं मला सहन होत नाही. सहा महिने मी जेवताना सामू सांगत होतो, मारवेलचं कौतुक करत होतो, आणि ही वाढत होती. फसवलं त्यापेक्षा कीव केली हे जास्त लागलं. मला वेड्यासारखं खूश राहू दिलं. आजारी माणसाच्या उशाशी बसून सगळे आपसांत खुणा करतात, तसे हे दोघं माझ्याभोवती वागत होते, आणि मी त्यांना बुरशीतली मैत्री समजावत होतो.

२४ मार्च

बोलणं बंद. आमटीत मीठ जास्त होतं. सांगितलं नाही.

सानिकाने विचारलं, "अभिराम भैया आते क्यों नहीं?"

२८ मार्च

डायरेक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, खुर्चीतून उठतील. त्यांनी चहा मागवला.

"इसमें परेशानी क्या है, पोंक्षे साहब? जिप्सम प्लस फंगस। पैकेज बना दीजिए।"

मी म्हटलं, नुसतं जिप्सम घातलेली एकही पट्टी आपल्याकडे नाही. तेव्हा बुरशीने काडीचंही काम केलं हे म्हणता येणार नाही. मुळांत ती नाहीच. ते म्हणाले, "घास तो है न?" मग कागद पुढे सरकवला. पुढच्या टप्प्याचे प्रमुख म्हणून अभिरामचं नाव टाइप होऊन आलेलं होतं. म्हणजे तो माझ्या आधी इथे येऊन गेला. "आपकी आँखें, आपकी सेहत," असं काहीतरी ते सांगत राहिले. ज्या जागेसाठी मी त्याचं नाव दिलं, त्याच जागेवर बसून तो माझं चुकलेलं शास्त्र पॅकेज म्हणून विकणार. हरदासपुरवा धरून बारा गावांना यंदा निम्मं जिप्सम आणि वर बीजमाती जाणार आहे.

चहा मी प्यालो नाही. तेवढंच हातात होतं.

३१ मार्च

हरदासपुरव्याला गेलो, आलमबागहून बस बदलत. रामऔतार कुंपणाशी बसून दोरी वळत होता. त्याला सांगितलं की मला सगळं कळलं आहे. त्याने दोरी बाजूला ठेवली.

"साहब, हमसे तो अभिराम बाबू कहे रहे कि साहब का हुकुम है।"

माझा हुकूम. मला हे कळायला अर्धं मिनिट लागलं. नऊ महिने या माणसाची समजूत होती की त्याच्या गोण्या मी मागवल्या. आणि मी त्याला बांधावर उभं करून त्याचं पांढरं शेत दाखवलं होतं.

"हमने कुछ नहीं कहा था," मी म्हटलं.

"तो नौकरी?"

नोकरीची जागा मी दुसऱ्याला दिली, आणि गावाचं जिप्सम माझ्याच पत्राने बंद झालं, दोन्ही सांगितलं. अधिकाऱ्यांना पत्रात त्याच्या शेताचा दाखला दिला होता, तेही सांगितलं. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली होती, ती तांब्या घेऊन परत गेली.

शेवटी तो म्हणाला, "पढ़े-लिखे हो, आप लोग जानो। हमार खेत करा देव।"

मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं की मला फसवणाऱ्यांत मी याचंही नाव घालणार होतो. सकाळी बसमध्ये बसून घातलंही होतं.

२ एप्रिल

योजनेच्या कार्यालयात गेलो. अधिकारी म्हणाले, यादीत गाव परत घालायचं तर कारण लेखी हवं. मी त्यांच्या टेबलावरच लिहिलं: हरदासपुरव्याच्या पट्ट्यांवरचं गवत माझ्या बुरशीने आलेलं नाही. ते जिप्समने आलं आहे. ते जिप्सम रामऔतारच्या वाट्याचं होतं, आणि त्याचं शेत त्यामुळेच तसं राहिलं. मागचं पत्र चुकीचं होतं. खाली नाव, हुद्दा, तारीख.

त्यांनी दोनदा वाचलं. "डॉक्टर साहब, इसकी एक कॉपी आपके इंस्टिट्यूट जाएगी।"

म्हटलं, दोन पाठवा.

घरी येऊन लीलाला दाखवलं. नक्कल होती माझ्याकडे. तिने चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. "तुम्ही जेवलात का?" म्हणाली. दोन आठवड्यांत हे पहिलं वाक्य. मी नाही म्हटलं. तिने वाढलं. मी तिला माफ केलेलं नाही, आणि तिनेही काही मागितलेलं नाही. पण जेवलो.

२० मे

संस्थेचं पत्र. 'असंतुलित मनःस्थितीत दिलेलं निवेदन' असं त्यात म्हटलं आहे, आणि दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणाचा उल्लेख आहे. ती माहिती घराबाहेर फक्त एका माणसाला होती. मला ग्रंथालयात टेबल दिलं आहे. राखणदारही नवा ठेवला, रामऔतारला काढलं.

अकरा गावांत अभिरामची बीजमाती जाते आहे. मी सगळीकडे पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही नाही. एक गाव मात्र पुन्हा यादीत आलं.

१६ जून, रविवार

गोण्या गुरुवारी उतरल्या. आज सकाळच्या बसने गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

रामऔतार आणि त्याची बायको ढेकळं फोडत होते. कडेला गोण्यांची थप्पी. मी चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि एका गोणीला हात घातला. तो लांबूनच म्हणाला, "आप रहने दीजिए साहब। मेड़ पर बैठिए।"

बांधावर बसलो. पलीकडे आमच्या पट्ट्या दिसत होत्या, आता पाटीवर अभिरामचं नाव आहे. तासभर दोघं ओतत होते, फावड्याने मिसळत होते. मी नुसता पाहत होतो, आणि खरं सांगतो, पुष्कळ दिवसांनी बरं वाटत होतं. काम नीट चाललं होतं. ऊन चढलं. माझ्या बाजूचा कोपरा तेवढा उरला होता, जेमतेम खाटेएवढा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कसं निघालं मला माहीत नाही, तीस वर्षांची सवय.

"रामऔतार, ये कोना ऐसे ही छोड़ दो। बिना जिप्सम के। बाद में मिलाकर देखेंगे, कितना फ़रक़ पड़ा।"

तो सरळ उभा राहिला. बायकोनेही फावडं थांबवलं. तो माझ्याकडे पाहत होता, रागाने नाही, बकरी कुठून आत येईल ते पाहावं तसं. मग त्याने थप्पीवरची एक अख्खी गोणी उचलली, त्या कोपऱ्यात आणून उपडी केली आणि झटकून रिकामी केली. एवढ्याशा जागेला चौथा हिस्साही पुरला असता. तो उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी ती भुकटी पसरवत बांधाकडे सरकत आला.

माझ्यापाशी पोचल्यावर म्हणाला, "पाँव हटाइए, साहब।"

मी पाय वर घेतले.